एकही गोल रिकामा नको

"मॅडम, कवाची हात वर करून बसले मी."

मुलगी क्लासच्या हॉलमध्ये माझ्या डाव्या अंगाला, भिंतीकडच्या रांगेत बसली होती. रविवारची टेस्ट चालू होती. तिच्या उत्तरपत्रिकेवर पाणी सांडलं होतं, दुसरी हवी होती. मी म्हणे हॉलला फेरी मारताना दोन-तीनदा तिच्या शेजारून गेले. मी तिला नवी शीट दिली आणि पुढे निघाले. पाठीमागे दबक्या आवाजात दुसरी म्हणाली, "त्यांना हात दिसत न्हाई गं. उभंच राहावं लागतंय."

"उभं राहिलं तर ओरडतात की."

"मग? ओरडल्यावर शीट मिळती."

तीन-चार जणी खुसखुसल्या. मी वळून "शांतता" म्हटलं आणि फेऱ्या चालू ठेवल्या. हसण्याचं मला काही वाटलं नाही. ज्या पोरी सकाळपासून रात्रीपर्यंत गोल काळे करतात, त्यांनी पर्यवेक्षकावर हसू नये तर कोणावर हसावं? पण डावीकडचा हात मला दिसत नाही, ही गोष्ट त्यांच्याआधी मला कळायला हवी होती. माझी आई आंधळी होऊन गेली. तिलाही पहिल्यांदा बाजूचंच दिसेनासं झालं होतं.

आमचं गाव औशाच्या पुढे, भूकंपात पडलेल्या गावांतलं. मी तेव्हा नांदेडला डी.एड.ला होते, वसतिगृहात राहायचे. दगडमातीचं माळवदाचं घर होतं, ते पडलं. वडील आत होते, ते गेले. आई आणि धाकटा भाऊ अंगणात झोपले होते, ते राहिले. याहून जास्त त्या पहाटेबद्दल मी कोणाला सांगत नाही, कारण मी तिथं नव्हते.

आई काटकुळी होती. शेतात राबणारी बाई. ताटात वाढून घेतलेलं तिचं बसून खाऊन व्हायचं नाही. भूकंपानंतर ती पत्र्याच्या शेडात आली. शेत चुलत्यांनी कसायला घेतलं. आत बसायचं म्हटलं तर डोक्यावरच्या पत्र्याची भीती, बाहेर जायचं म्हटलं तर कामच नाही. म्हणून ती दारात बसायची. खायला मिळत होतं, बाकी काही नव्हतं. एखाद-दोन वर्षांत तिचं अंग असं भरलं, की सुट्टीला गेले तेव्हा पाठमोरी बसलेली ती मला ओळखूच आली नाही, मी पुढच्याच शेडापर्यंत चालत गेले होते.

भेटायला येणारे नातेवाईक म्हणायचे, "चला, बाईची तब्येत तरी सुधारली." आमच्याकडे तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. वजन वाढलं की तब्येत झाली, वजन कमी झालं की तब्येत उतरली. विधवा बाई जाड झालेली पाहून येणाऱ्याला बरं वाटायचं. आता हिची काळजी नको, असं वाटून तो माणूस चहा पिऊन निघायचा.

मग गावात डोळ्यांचं शिबिर आलं. आईला उंबरा नीट दिसत नव्हता, ती सारखी ठेचकाळत होती. तिला रांगेत नेऊन बसवलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. सोबत चुलते होते. त्यांनी ऐकलं, कच्चा बिंदू. त्यात त्यांची तरी काय चूक? गावात बिंदू म्हणजे मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. कच्चा आहे म्हणजे अजून पिकायचाय.

"वहिनी, कच्चा हाय. घाई करायची न्हाई," चुलते म्हणाले. "पिकला की मीच नेतो तुम्हाला."

आई थांबली. शेतातली बाई होती; पिकायची वाट बघणं तिला नवं नव्हतं. मला लातूरला शाळेत नोकरी लागली, मी भाड्याची खोली घेतली आणि तिला तिथं आणलं, तेव्हा ती भिंतीला हात लावत मोरीकडे जात होती. मी म्हटलं, "आई, दिसत नाही का?" ती म्हणाली, "दिसतंय की. समोरचं दिसतंय. पिकला की काढतेत म्हणं."

मी तिला नांदेडला नेलं. तिथला मोठा दवाखाना मला वसतिगृहाच्या दिवसांपासून माहीत होता. डॉक्टरांनी डोळ्यांत पाहिलं आणि मला बाजूला न बोलावता तिच्यासमोरच सांगितलं, "हा पिकत नसतो. हा नस खात जातो. गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं थेंबांनी सांभाळू." मग आईकडे बघून विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का, बाई?"

आई म्हणाली, "मी बसून लई खाल्लं. अंग लई वाढलं. म्हणून झालं का हो?"

डॉक्टर हसले. वाईट हसले नाहीत. "नाही हो बाई," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसमध्ये तिने मला तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पण नाही म्हटलं. मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून तिने ताटातली अर्धी भाकर काढून ठेवायला सुरुवात केली. अंग काही उतरलं नाही. नजर हळूहळू पूर्ण गेली. तिने तो प्रश्न परत काढला नाही, पण अर्धी भाकर शेवटपर्यंत बाजूला ठेवत होती.

तिच्यासोबतची वर्षं लातूरमध्ये गेली. गल्लीत घरांवर मजले चढले. ज्याच्या घराला न्हाणी नव्हती त्याने मुलींचं वसतिगृह काढलं. भिंती पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंनी भरल्या. आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि सायकलींच्या आवाजावरून कोणती बॅच सुटली ते सांगायची. माझं लग्नाचं बघणं भूकंपाने थांबलं होतं, नंतर ते मी थांबवलं. भाऊ शिकला, पुण्याला गेला, तिकडचा झाला. आई गेली. मी शाळेतून लवकर निवृत्ती घेतली आणि एका क्लासमध्ये टेस्टच्या पर्यवेक्षणाचं काम धरलं. घर लहान आहे, माझं आहे, कुलपाची किल्ली माझ्याकडे असते. मला एवढंच हवं होतं.

एकटीच्या स्वयंपाकात भाजीचं माप कधीच जमत नाही. एक वांगं चिरून भाजी होत नाही. उरतं, टाकवत नाही, म्हणून उभ्या उभ्या ओट्याशी खाल्लं जातं. चाळिशीनंतर मी अंगानं आईवर गेले. लग्नकार्यात भेटलेल्या बायका खूश व्हायच्या. "अक्का, तब्येत झाली हं. नोकरीचं टेन्शन गेलं."

वाचायचा चष्मा बदलायला म्हणून मी लातूरच्याच एका डॉक्टरांकडे गेले. आईचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, दाब बघू. डोळ्याचा दाब असतो आणि त्याचा रक्ताच्या दाबाशी संबंध नाही, हे मला आईमुळे माहीत होतं. त्यांच्या यंत्रापुढे एक पट्टी असते. तिच्यावर हनुवटी टेकवायची आणि कपाळ वरच्या पट्टीला चिकटवायचं. माझं पोट टेबलाला अडलं. मी पुढे रेटले, मान लांब केली, हनुवटी कशीबशी टेकवली.

"श्वास सोडा, मॅडम."

"सोडलाय."

"नाही सोडलेला. गाल फुगलेत तुमचे."

आकडा जास्त आला. मग त्यांनी मला खुर्चीत नीट मागे टेकून बसवलं आणि हातात धरायच्या एका उपकरणाने परत मोजलं. आकडा खाली आला. ते म्हणाले, "अंग मोठं असलं की असं होतं. पेशंट पोट दाबून, श्वास रोखून बसतो, त्याने डोळ्याचा दाब तेवढ्यापुरता चढतो. निम्मा दोष तुमच्या श्वासाचा आणि निम्मा आमच्या टेबलाचा." नस मात्र जरा संशयाची वाटते, म्हणून नजरेच्या कक्षेची तपासणी करून घेऊ, असंही ते म्हणाले. त्याला ते फिल्ड टेस्ट म्हणत होते.

टेस्ट हा शब्द मी कानाने ऐकला नाही, अंगाने ऐकला. 

अंधाऱ्या खोलीत एक अर्ध्या घागरीसारखं पांढरं यंत्र. एक डोळा झाकायचा. दुसऱ्याने मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठंही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काही ठिपके ठळक, काही इतके फिके की आहेत की नाहीत कळू नये.

मी उभं आयुष्य लातुरात पोरांना एकच गोष्ट सांगत आले होते. एकही गोल रिकामा सोडू नका. येत नसेल तर अंदाजाने भरा, पण भरा. सीईटीला उणे गुण नव्हते, तेव्हा हा सल्ला बरोबर होता. शाळेत स्कॉलरशिपच्या पोरांसाठीही मी तो फळ्यावर लिहून ठेवायचे. नंतर सीईटीच्या जागी 'नीट' परीक्षा आली, चुकीच्या उत्तराला गुण कापायला लागले, नियम बदलला. क्लासमध्ये मी नवा नियम वाचून दाखवायचे. पण हाताला जुनाच माहीत होता.

ठिपके दिसेनात तेव्हा मी घाबरले. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक ठिपक्याआधी यंत्रातून बारीक टिक असा आवाज येतो. ठिपका दिसो न दिसो, टिक ऐकली की बटण दाबायचं. अगदी दरवेळी नाही. मी मूर्ख नव्हते. मधेमधे सोडायचं, म्हणजे खरं वाटेल. हे मी ठरवून केलं असंही नाही. समोर परीक्षा आली की लातूरच्या माणसाचा अंगठा आपोआप चालतो.

डॉक्टरांनी कागद बघितला, जरा कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "बऱ्यापैकी आहे. पण आईचा इतिहास आहे, काही महिन्यांनी परत करू. नक्की या."

मी "बऱ्यापैकी" एवढंच घेऊन घरी आले. पास झाल्यासारखं वाटलं. गेले नाही. दुसरं एक काम मात्र मी मन लावून केलं. माझा हिशोब सरळ होता. दाब निम्मा खोटा होता, तो पोटामुळे. उरलेला जो काही असेल तो वजनामुळे. म्हणजे वजन उतरवलं की प्रश्न मिटला. आईच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर उपायही माझ्याच हातात होता, आणि उपाय हातात असलेला मला नेहमी आवडतो.

पहाटे मैदानावर चालायला लागले. संध्याकाळचा भात बंद केला. अर्धी भाकर बाजूला ठेवायला लागले. ती ठेवताना आई आठवायची, पण ठेवायचे. वजन उतरलं, चांगलं उतरलं. सलवार-कमीज सगळे टाचून घ्यावे लागले. शेजारच्या बाईंनी एक दिवस गेटाशी अडवलं.

"काय झालंय हो बाई तुम्हाला?"

"काही नाही. वजन कमी करतेय."

"कशापायी? शुगर निघाली का?"

"नाही."

"मग? चांगली तब्येत होती की. लोकं म्हणतील एकटी हाय, कोणी बघायला न्हाई, जेवत पण नसंल." आणि वाटीभर शेंगदाण्याची चटणी हातावर ठेवून गेल्या.

भाऊ फोनवर चेहरा बघून म्हणाला, "अक्का, तू जेवतेस ना नीट? इकडे ये की. एक खोली रिकामीच आहे." मागून भावजयीचा आवाज आला, "कपाटं काढली की रिकामीच आहे." भाऊ हसला. मी पण हसले. ती खोली मी पाहिली आहे. खिडकी आहे, पण दार बाहेरून उघडतं, जिन्याला दिवा नाही, आणि किल्ली कोणाकडे राहील असं विचारायची सोय नाही. दिसणारं माणूस तिथं पाहुणं म्हणून राहू शकतं. न दिसणारं माणूस तिथून कधी बाहेर पडणार नाही. लातूरच्या घरात मात्र मी डोळे मिटून चहा करू शकते. फक्त रस्ता ओलांडू शकत नाही.

म्हणून त्या मुलीचा हात मला दिसला नाही, तेव्हा मी दुसऱ्याच आठवड्यात नांदेडची बस धरली. लातूरच्या डॉक्टरांकडे परत जायला संकोच वाटला. गृहपाठ न करता वर्गात गेल्यासारखं वाटलं असतं.

चाकूर, अहमदपूर, लोहा असं करत बस नांदेडला पोचली. दवाखाना आता चार मजली झाला होता. नाव नोंदवणाऱ्या मुलीने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही." तिने मान वर करून पाहिलं. आत थेंब टाकणाऱ्याने तेच विचारलं. "बाहुली मोठी होईल मॅडम, धूसर दिसेल. सोबत कोणी असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "असतं तर आणलं असतं."

बाकावर शेजारी अर्धापूरचं एक जोडपं होतं. बाईचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. नवरा तिला धरून पाण्याच्या टाकीकडे नेत होता.

"भिंतीवर नेऊन घालताव का मला?"

"गप की. मला दिसून राहिलंय."

"तुमाला दिसून राहिलं असतं तर माझ्याशी लगीन केलं असतं का?"

सगळा बाक हसला. परत आल्यावर बाईने पिशवीतून केळी काढली, एक माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "तुमच्यासंग कोण हाय, बाई?" मी म्हटलं, खाली गेलेत, येतील. का म्हटलं, मला माहीत नाही. तिसऱ्यांदा तेच उत्तर द्यायचा कंटाळा आला असेल.

डॉक्टर बाई तरुण होत्या. यंत्रापुढे बसले तर या वेळी पोट अडलं नाही. हनुवटी सहज टेकली, श्वास सोडा म्हणायची वेळ आली नाही. दाब मोजून त्या म्हणाल्या, "छान आहे. जुन्या कागदापेक्षा बराच खाली आहे." मला आतून आनंदाची उकळी फुटली. मग त्यांनी भिंग बदललं, खूप वेळ आत बघत राहिल्या. लातूरचा फिल्डचा कागद मागितला. तो वाचता वाचता त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"मॅडम, तुम्ही क्लासमध्ये आहात का?"

"हो. का?"

"मी पण लातूरचीच. तिथंच शिकले." त्यांनी कागदावर एका कोपऱ्यात बोट ठेवलं. "हे बघा. ठिपका दाखवलेलाच नाही, तिथंही तुम्ही बटण दाबलंय. यंत्र मधेमधे मुद्दाम काहीच दाखवत नाही. माणूस खरं सांगतोय का ते बघतं. तुम्ही ह्याच्यावर सीईटी दिलीय."

मी म्हटलं, "उणे गुण आहेत हे कोणी सांगितलं नाही."

त्या जोरात हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "उणे गुण डोळा देतो. परत करू या. थेंबांचा असर जरा उतरल्यावर करू, जेवून या. आणि यावेळी दिसलं नाही तर दाबू नका. रिकामं सोडा."

दुपार उतरल्यावर मला अंधाऱ्या खोलीत बसवलं. यंत्र तसंच. डावा डोळा आधी. पिवळा दिवा. टिक. वरच्या बाजूला ठिपका, दाबलं. टिक. काही नाही. अंगठा हलला, मी तो आवरला. टिक. काही नाही. टिक. काही नाही. परीक्षेत एवढे प्रश्न सोडायची मला सवय नव्हती. प्रत्येक टिक ऐकली की वाटायचं, आत्ता काहीतरी चमकलं असणार, मलाच कळलं नाही, दाबून टाकावं. बटणावर अंगठा ठेवून मी नुसती बसून होते. पिवळ्या दिव्याच्या डावीकडे सलग शांतता होती. तिथं कोणीतरी एकामागून एक हात वर करत होतं आणि मी शेजारून चालले होते.

मला शेडाच्या दारात बसलेली आई दिसली. तिची कोणी परीक्षा घेतली नाही, तिला आवाज दिला नाही, ठिपका दाखवला नाही. ती नुसती पिकायची वाट बघत होती.

निकाल असा होता. डाव्या डोळ्याची निम्म्याहून जास्त कक्षा गेलेली. इतके दिवस उजवा त्याचं सांभाळून घेत होता. आता उजव्याची नाकाकडची बाजू गेली, म्हणून डावीकडचा हात दिसेनासा झाला. मधली नजर दोन्हीची शाबूत. म्हणून मला वाचता येतं, सुई ओवता येते, आणि म्हणूनच मला काही कळलं नाही.

"पण दाब तर उतरलाय," मी म्हटलं. "वजन उतरवलंय मी."

"चांगलं केलंत. सोडू नका ते."

"मग?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "वजन जास्त असलं की डोळ्याचा दाब थोडा जास्त असतो, असं पुष्कळदा दिसतं. पण वजनाने काचबिंदू होतो का, याचं सरळ उत्तर आमच्याकडे नाही. जाड माणसांत बहुतेकांना होत नाही. सडपातळ माणसांना होतो. काहींचा दाब मोजला तर चांगला असतो आणि नस तरी खराब होते. तुमच्या आईला होता, हे तुमच्या वजनापेक्षा मोठं कारण आहे. वजन तुमच्या हातात होतं म्हणून तुम्ही ते धरलंत. थेंब टाकले असते तर आणखी बरं झालं असतं."

मी विचारलं, "माझ्या आईने याच दवाखान्यात विचारलं होतं. बसून खाल्लं म्हणून झालं का, असं."

"मग?"

"नाही म्हणाले."

"बरोबर म्हणाले," त्या म्हणाल्या. "पण बसून सांगायला हवं होतं."

थेंब लिहून दिले, रोज संध्याकाळी, ठरल्या वेळी, जन्मभर. दाब आणखी खाली आणायचाय, उतरला तर डावा आहे तिथं थांबेल, उजवा वाचेल. वाचेल असं त्या म्हणाल्या. वाचेलच असं म्हणाल्या नाहीत. मी तो फरक ऐकला. ह्यावेळी पूर्ण वाक्य ऐकलं.

बसस्थानकावर लातूरची गाडी कुठे लागते ते विचारून घ्यावं लागलं, कारण फलकावरची अक्षरं अजून पसरलेली होती. अर्धापूरचं जोडपं तिथंच होतं. नवऱ्याने मला गाडीपर्यंत आणून सोडलं. बाईने विचारलं, "तुमची माणसं आली न्हाईत व्हय अजून?" मी म्हटलं, "न्हाई." तिने पिशवीतली उरलेली केळी माझ्या हातात दिली.

भावाला रात्री न सांगता दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याने कोणत्या डोळ्याचं किती गेलं ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, आता तरी ये." मी म्हटलं, "उजवा चांगला आहे तोवर इथंच." तो म्हणाला, "आणि नंतर?" मी म्हटलं, "नंतरचं मला येत नाही. ते सोडलंय." त्याला कळलं नसेल. पण त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

क्लासमध्ये मी आता फेऱ्या मारत नाही. हॉलच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीला डावा खांदा लावून उभी राहते. मग सगळा हॉल उजवीकडे पडतो आणि कुठलाही हात सुटत नाही. पोरींना वाटतं, कॉपी पकडायची नवी पद्धत आहे. त्या जास्तच शिस्तीत बसतात.

अवघड गेले ते थेंब. आईच्या डोळ्यांत मी वर्षानुवर्षं टाकले होते, एकही बाहेर गेला नसेल. स्वतःच्या डोळ्यात टाकताना हात डगमगतो, बाटली जवळ आली की पापणी मिटते, थेंब गालावरून कानात जातो. वजन उतरल्यामुळे एक झालं, मान मागे टाकून खाटेवर सरळ पडता येतं, दम लागत नाही. आता दहातले बहुतेक बरोबर पडतात. नाही पडला तर दुसरा टाकते. डॉक्टर बाईंनी शिकवल्याप्रमाणे मग डोळे मिटायचे, नाकाजवळच्या कोपऱ्यात बोट दाबून धरायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. तेवढा वेळ काही करता येत नाही. मला काही न करता बसायची सवय नव्हती.

संध्याकाळची बॅच सुटायची हीच वेळ. डोळे मिटलेले असतात, गल्लीतून सायकली जातात. आधी मुलांची, मग ब्रेक वाजणाऱ्या, हळू बोलणाऱ्या मुलींची. मला आता आवाजावरून बॅच कळायला लागली आहे. हे कळतंय हे मला आवडत नाही. म्हणून डोळे उघडले की पहिल्यांदा दारात जाते आणि गल्लीच्या डाव्या टोकाला, मान पूर्ण वळवून, शेवटची सायकल वळेपर्यंत बघत उभी राहते.